गालो मास्तरची पहाऱ्याची नोकरी

आंबातो शहर ज्या वर्षी भूकंपानं जमीनदोस्त झालं, त्याच वर्षी, भूकंपानंतर दोन महिन्यांनी, गालो येरेना एका तंबूत जन्माला आला. आई म्हणायची, हा पोटात असतानाच घाबरलाय, आता जन्मभर घाबरणार. तिचं म्हणणं खरं ठरलं. गालोला कुत्र्यांची भीती वाटायची, उंच जिन्याची वाटायची, शिक्के मारणाऱ्या कारकुनांची वाटायची. अवेळी दार वाजलं की तो आधी दिवा मालवायचा. पण एका जागी त्याला कशाचीच भीती नव्हती. ती जागा म्हणजे त्याचं स्वतःचं दुकान.

सव्वीस वर्षं तो मापाचे बूट शिवत होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे, प्रत्येकावर पेन्सिलनं नाव. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब, हे गालोला त्यांच्या डॉक्टरापेक्षा जास्त ठाऊक. शहरात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. हातात रापी आणि मांडीवर कातडं असलं की हा माणूस मंत्र्यालाही सांगायला कमी करत नसे, की साहेब, टाच इतकी उंच नको, कंबर जाईल.

नव्व्याण्णव साल उजाडलं आणि दुकानात शुकशुकाट झाला. देशाचं चलन सुक्रे, त्याचा भाव रोज घसरत होता. कातड्याचा व्यापारी सकाळी एक भाव सांगायचा आणि संध्याकाळी तोंड फिरवायचा. तयार बुटांची खोकी परदेशातून येत होती, आणि तीही घ्यायला लोकांपाशी पैसा नव्हता. दरवर्षी कार्निव्हलच्या वेळी फळाफुलांचा उत्सव असतो. त्याच्या आधीच्या महिन्यात गालोला जेवायला सवड मिळायची नाही, नाचणाऱ्या मुलींचे बूट, मिरवणुकीतल्या राण्यांचे बूट. त्या वर्षी दोन जोड आले, आणि त्यातला एक दुरुस्तीचा.

तेवढ्यानंही तो हलला नसता. अर्धपोटी राहून माणूस दुकान चालवतो. पण नार्सिसा होती. एकुलती एक मुलगी, सतरा वर्षांची, हुशार, आणि नवव्या वर्षापासून फिट्स येणारी. गोळी रोज दोनदा घेतली तर ठणठणीत, एक दिवस चुकला तर जमिनीवर. गोळ्या बाहेरच्या देशातून यायच्या आणि त्यांची किंमत डॉलरबरोबर उड्या मारायची. जानेवारीत एकदा लास्तेनियानं, म्हणजे गालोच्या बायकोनं, नवऱ्याला न सांगता गोळ्या अर्ध्या करून द्यायला सुरुवात केली. पाचव्या दिवशी नार्सिसा चुलीपाशी पडली. हात भाजला. त्या दिवशी गालो दुकानात जाऊन बसला आणि बराच वेळ एकच टाका उसवत राहिला.

मग वॉशिंग्टन पास्मिन्यो आला. वॉशिंग्टन हा नार्सिसाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, त्यामुळे तो आणि गालो एकमेकांना कोम्पादरे म्हणायचे, लास्तेनियाला तो कोमाद्रे म्हणायचा, आणि नात्याचा मान राखून सगळे अहोजाहो बोलायचे. पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीची गाडी तो चालवायचा. गवती चहाचा पेला हातात घेऊन तो थेट मुद्द्यावर आला.

"कोम्पादरे, एक जागा सुटलीय. बँकेच्या दारात. आधीचा पहारेकरी स्पेनला गेला. पगार महिन्याच्या महिन्याला, आणि विमा. घरच्यांची औषधं विम्यात."

"दारात काय करायचं असतं?"

"उभं राहायचं. येईल त्याला नमस्कार करायचा. म्हाताऱ्यांना दार उघडून द्यायचं."

"आणि कमरेला?"

वॉशिंग्टननं चहाचा घोट घेतला. "कमरेला रिव्हॉल्व्हर. पण ते दागिन्यासारखं. अकरा वर्षांत मी कुणाला बाहेर काढताना पाहिलेलं नाही."

"मला कोंबडी कापता येत नाही, कोम्पादरे."

"ते मात्र खरं आहे," चुलीपासून लास्तेनिया म्हणाली. "कोंबडी मी कापते."

"कोंबड्या बँकेत येत नाहीत, कोमाद्रे," वॉशिंग्टन म्हणाला. मग आवाज खाली आणून, "औषधं विम्यात आहेत. मी एवढंच सांगतो."

तो गेल्यावर लास्तेनिया गालोजवळ येऊन बसली. "दुकान तुझं. मी काही म्हणणार नाही."

"तू म्हणत नाहीस तेच मला ऐकू येतं," गालो म्हणाला.

शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत अर्ध्या दिवसाचं शिक्षण झालं. शिकवणारा होता सार्जंट कुएवा, सैन्यातून निवृत्त झालेला, आता कंपनीचा तपासनीस. त्यानं गालोच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं. खिळ्यांनी भरलेल्या डब्याएवढं ते जड होतं. गालोनं डोळे मिटून चाप ओढला. आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून परत आला.

"येरेना, डोळे उघडे ठेवायचे असतात."

"हो सार्जंट."

"पुन्हा."

पुन्हा डोळे मिटले. सहावी गोळी संपल्यावर सार्जंटनं वहीत 'उत्तीर्ण' असं लिहिलं, कारण जागा रिकामी होती आणि सोमवारी माणूस पाहिजे होता.

कंपनीनं गणवेश दिला, टोपी दिली, आणि तयार बूट दिले. ते बूट पाहून गालोला रडू यायचं बाकी राहिलं. पुठ्ठ्याचा तळवा, चिकटवलेली टाच. पहिल्या दिवशी दोन्ही पायांना फोड आले. घरी येऊन त्यानं ते उसवले आणि आतून नवा तळवा घालून शिवले. वरून कळू नये म्हणून कंपनीच्या बुटांसारखेच वाईट दिसतील असे शिवले. नव्या नोकरीतलं तेवढं एक काम त्यानं मनापासून केलं.

दहा दिवस खरोखरच नमस्कार करण्यात गेले. लोक थबकायचे. "मास्तर, तुम्ही इथं?" म्हणायचे. गालो हसायचा आणि दार उघडायचा. बँकेचे व्यवस्थापक ओन्तानेदा साहेब कीटोहून आलेले, त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. ते त्याला गार्ड म्हणायचे. सव्वीस वर्षांचा मास्तर दहा दिवसांत गार्ड झाला. पण नार्सिसाच्या गोळ्यांची पहिली बाटली विम्यातून आली आणि लास्तेनियानं ती देवाच्या तसबिरीशेजारी ठेवली, तेव्हा गालोला वाटलं, जमेल.

त्यानंतरच्या सोमवारी बँका उघडल्याच नाहीत. सरकारनं देशातल्या सगळ्या बँका एकदम बंद केल्या. आठवडाभरानं उघडल्या तेव्हा सांगण्यात आलं, की लोकांच्या ठेवी गोठवल्या आहेत. वर्षभर हात लावायचा नाही.

दारावर कागद चिकटवायचं काम गालोकडे आलं. कागद वाचायला माणसं जमली आणि गेलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी जास्त आली. कोणी रडत होतं, कोणी आत बघत होतं, जणू काचेतून पैसे दिसतील. बहुतेकांना गालो ओळखत होता. चेहरे न बघताही ओळखत होता, कारण भीतीनं त्याची मान खाली असायची आणि खाली बूट दिसायचे. हा मी शिवलेला. तो काळा, तोही माझाच. ही अरुंद टाच फार्मसीवाल्या बाईची. आपण शिवलेल्या बुटांनी आपल्याला घेरलंय, असं त्याला वाटायचं.

पायऱ्यांवर रोज येऊन बसणाऱ्यांत पिएदाद सोलीस होत्या; सगळे त्यांना मानानं दोन्या पिएदाद म्हणायचे. शाळेतल्या जुन्या शिक्षिका, सत्तरीच्या. अंगठ्याशेजारचं हाड वाढल्यामुळे त्यांना बाजारातला बूट चालायचा नाही, पंधरा वर्षं गालोच शिवायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेसाठी साठवलेले पैसे या बँकेत. सोबत त्यांचा मुलगा एफ्राईन असायचा, आंतरशहर बस चालवणारा, पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा. बसमध्ये स्वतःचा वाटा घेण्यासाठी त्यानं नऊ वर्षं जमवलेलं सगळं आईच्याच खात्यात होतं.

"मास्तर," दोन्या पिएदाद म्हणाल्या, "माझे पैसे आत आहेत आणि तुम्ही दारात आहात. यात मी काय समजू?"

"दोन्या पिएदाद, मी फक्त दार..."

"हो. दार तुम्ही चांगलं धरता. सगळीच कामं तुम्ही चांगली करता."

एफ्राईन काही बोलायचा नाही. तो गालोच्या कमरेकडे बघायचा.

बाजारात बायका एकमेकींना वेसी, म्हणजे शेजारीण, म्हणतात; तिथंच लास्तेनियाला टोमणे बसू लागले. बटाटेवाली म्हणाली, "वेसी, तुम्हाला काय कमी. तुमचा नवरा तिजोरीजवळ झोपतो." लास्तेनियानं बटाटे परत टोपलीत ओतले आणि म्हणाली, "तो दारात उभा असतो, वेसी, आणि घरी येऊन पाय शेकतो. तिजोरी जवळ असती तर मी तुमच्याकडचे सडके बटाटे घेतले असते का?" पण घरी आल्यावर ती जेवायला बसली नाही. गालोनं विचारलं तेव्हा म्हणाली, डोकं दुखतंय.

गालोला गर्दीची भीती होतीच. पण मनाच्या तळाशी वेगळीच भीती होती, आणि ती त्याला एका मंगळवारी सापडली. गर्दीतून कुणीतरी लोखंडी जाळी जोरात हलवली, आणि गालोनं पाहिलं की आपला उजवा हात कमरेच्या कातडी म्यानावर आहे. बटण उघडलेलं आहे. हे त्यानं ठरवून केलं नव्हतं. हातानंच केलं होतं. सव्वीस वर्षं हा हात त्याच्या आधी विचार करत आला होता, कातडं कुठं कापायचं ते डोक्याच्या आधी हाताला कळायचं. आता हाच हात घाबरून एखाद्या दिवशी चाप ओढेल. डोळे मिटलेले असतील. समोर दोन्या पिएदाद असतील.

त्या दिवशी दुपारी बँकेच्या संडासात जाऊन त्यानं रिव्हॉल्व्हरची चक्री उघडली आणि सहाही गोळ्या काढल्या. नार्सिसाची रिकामी औषधाची बाटली खिशात होती, विम्याच्या दवाखान्यात दाखवायला आणलेली. गोळ्या तिच्यात घातल्या. झाकण लावलं. बाहेर आला तेव्हा घाम आलेला होता, पण हात शांत होता.

मग नव्या भीत्या सुरू झाल्या. खरे दरोडेखोर आले तर? आत मुली काम करतात, त्यांचं काय? आणि सार्जंट कुएवा. तो दर शनिवारी गोळ्या मोजायचा, म्हणून शनिवारी सकाळी गालो त्या परत भरायचा आणि तपासणी झाली की काढायचा. पण सार्जंट कधीकधी न सांगताही यायचा. एकदा बुधवारीच आला.

"येरेना, हत्यार दाखव."

गालोनं पोट धरलं. "सार्जंट, पोट बिघडलंय. आत्ता. माफ करा."

तो धावतच संडासात शिरला. बाटली उघडली. पाच गोळ्या चक्रीत गेल्या, सहावी हातातून निसटून भांड्यात पडली. बाहेर सार्जंट कुणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. गालोनं बाही वर केली, हात घातला, गोळी काढली, सदऱ्याला पुसली, भरली. बाहेर येऊन रिव्हॉल्व्हर पुढं केलं. सार्जंटनं चक्री फिरवून पाहिली.

"ओलं का आहे?"

"हात धुतले, सार्जंट."

"हत्यार धुवायचं नसतं, येरेना. तेल लावायचं असतं." एवढं बोलून तो गेला. गालो भिंतीला टेकून उभा राहिला. संध्याकाळी घरी मक्याचे दाणे आणि अंडं समोर आलं, तो दाणे नुसते इकडून तिकडे सारत बसला.

"काय झालं?" नार्सिसानं विचारलं.

"काही नाही. पोट."

"बाबा, मी गोळ्या बंद केल्या तर तू परत दुकान उघडशील?"

गालोनं ताट बाजूला सारलं. "असं पुन्हा बोलायचं नाही," तो म्हणाला. मुलीशी तो इतका कडक आवाजात पहिल्यांदाच बोलला होता. दोघांनाही ते कळलं. तिनं त्याचं ताट उचलून परत त्याच्या पुढ्यात ठेवलं.

मेच्या शेवटी शहरात बातमी फुटली, की ही शाखा कायमची बंद होणार आणि कागदपत्रं कीटोला हलवली जाताहेत. बातमी खरी होती. मागच्या दारातून खोकी जात होती, ती गालोनं स्वतः पाहिली होती. सकाळी दहाच्या सुमारास पायऱ्यांवर तीनेकशे माणसं होती. नेहमीचं रडणं नव्हतं, कुणी आत डोकावतही नव्हतं. सगळे एकमेकांना चिकटून उभे होते, आणि त्याचीच गालोला सर्वांत जास्त भीती वाटली.

ओन्तानेदा साहेब काचेच्या आतल्या बाजूला आले. "गार्ड, जाळी ओढ."

जाळी अर्धी ओढली गेली आणि अडकली. तीनचार माणसांनी ती पकडली होती. गालो जाळी आणि माणसं यांच्या मधे सापडला. मागून रेटा आला. काचेवर दगड बसला आणि काच फुटून खाली आली.

"हवेत गोळी झाड," साहेब आतून ओरडले. "गार्ड, हवेत झाड, ऐकतोस ना."

गालोनं ऐकलं. त्याचे दोन्ही हात जाळीला धरलेले होते. त्याच्या उजव्या खांद्याशी एफ्राईन होता, इतका जवळ की त्याचा श्वास कानावर येत होता. मग कमरेला झटका बसला. पट्टा करकरला. गालोनं खाली पाहिलं तर म्यान रिकामं होतं.

एफ्राईननं रिव्हॉल्व्हर फुटलेल्या काचेतून आत धरलं. ओन्तानेदा साहेब चार पावलांवर होते. त्यांनी हात वर केले नाहीत की पळाले नाहीत, नुसते बघत राहिले. टेबलामागची एक मुलगी जमिनीवर बसली.

एफ्राईननं चाप ओढला. खट् आवाज झाला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा खट्.

तो आवाज फार लहान होता, पण पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला असावा. सगळे थांबले. एफ्राईन हातातल्या वस्तूकडे बघत होता, जणू ती कुणी दुसऱ्यानंच तिथं ठेवली होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "आई," तो म्हणाला, पण दोन्या पिएदादना एवढ्या अंतरावरून काही दिसत नव्हतं. त्या विचारत होत्या, "काय झालं? कुणी सांगेल का, काय झालं?"

गालोनं हात पुढं केला. एफ्राईननं रिव्हॉल्व्हर त्याच्या तळहातावर ठेवलं, सुट्टे पैसे परत द्यावेत तसं.

पोलीस आले. एफ्राईनला नेलं, गालोलाही जबाबासाठी नेलं. बाकावर दोन तास बसवलं. त्या दोन तासांत गालोला कळून चुकलं की आपली नोकरी गेली, विमा गेला, आणि कदाचित आपणही आत जाणार. खिशात औषधाची बाटली होती. पाय हलला की ती खुळखुळत होती. त्यानं तिच्यावर हात दाबून धरला.

जबाब घेणारा अधिकारी तरुण होता, त्याच्या टेबलावर शिक्के होते. जन्मभर अशा टेबलांपुढे गालोची बोबडी वळत आली होती.

"व्यवस्थापकांचं म्हणणं आहे, सोलीसनं तुमचं हत्यार हिसकावून दोनदा चाप ओढला. खरं?"

पुढं जे झालं ते आपण कसं केलं, हे गालोला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही.

"नाही साहेब. रेट्यात माझा पट्टा तुटला. हत्यार खाली पडलं. त्यानं उचलून मला दिलं."

"व्यवस्थापक चार पावलांवर होते."

"काच फुटलेली होती, साहेब. सगळे घाबरलेले होते."

"आणि खट् आवाज?"

"जाळीची कडी असेल."

अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. "तुम्हाला माहीत आहे ना, खोटा जबाब दिला तर काय होतं?"

"हो साहेब." गालोचा आवाज इतका कापत होता, की त्याला वाटलं, आता हा माणूस उठून बेड्या घालणार. पण आवाज त्याचा नेहमीच कापायचा. अधिकाऱ्यानं लेखणी पुन्हा उचलली आणि जबाब लिहून काढला. मग म्हणाला, "माझ्या सासऱ्याचे पैसे त्याच बँकेत आहेत. इथं सही करा."

पायऱ्यांवरच्या तीनशे माणसांपैकी कुणालाही काही दिसलेलं नव्हतं. एफ्राईनला अकरा दिवसांनी सोडलं.

कंपनीत वेगळा न्याय होता. सार्जंट कुएवानं दार लावलं आणि नुसता हात पुढं केला. गालोनं खिशातून बाटली काढून त्या हातावर ठेवली. सार्जंटनं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"कधीपासून?"

"मार्चपासून, सार्जंट."

"म्हणजे त्या बुधवारी..."

"हो."

सार्जंट खिडकीशी गेला. "दोन माणसं चोरी करायला आली असती तर तू, आतल्या चार मुली, सगळे मेले असता. हे कळतं का तुला?"

"कळतं. रोज कळत होतं."

"तुला काढून टाकायला पाहिजे." तो वळला. "पण काढायचं तर कारण लिहावं लागेल. आमच्या पहारेकऱ्याचं हत्यार कुणीतरी हिसकावलं आणि ते रिकामं होतं, हे कागदावर आलं तर उद्या एकही बँक आम्हाला दारात उभी करणार नाही. ओन्तानेदा साहेबांचा फोन आला होता. ते म्हणाले, हत्यार बिघडलेलं होतं असं लिहा. बायकोमुलांना घेऊन ते मायामीला चाललेत, त्यांना आता चौकशी नको." त्यानं बाटली टेबलावर आपटली. "सालसेदोजवळ गुलाबांचा मळा आहे. फाटकावर माणूस पाहिजे. तिथं हत्यार देत नाहीत. पगार तोच."

"आणि विमा?"

"विमाही तोच. जा, माझ्यासमोरून जा."

घरी गालोनं लास्तेनियाला सगळं सांगितलं, बाटलीपासून जबाबापर्यंत. ती ऐकत होती आणि हातातलं फडकं पिळत होती. शेवटी म्हणाली, "तीन महिने तू रिकामा उभा होतास?"

"हो."

"आणि मी रोज प्रार्थना करत होते, की तुला नेम जमू दे." तिला हसू आलं, मग हसता हसता रडू आलं, आणि ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

जूनमध्ये एका रविवारी दोन्या पिएदाद आल्या. एफ्राईननं त्यांना दारापर्यंत आणून सोडलं आणि तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. त्यांच्या हातात पिन्यो गावच्या भट्टीचे पाव होते आणि कागदात गुंडाळलेले बूट. दुकान बंद होतं. गालोनं त्यांना आत स्वयंपाकघरात बसवलं.

"मी आभार मानायला आले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या दारात उभे होतात, ते मी विसरलेले नाही."

"विसरू नका, दोन्या पिएदाद."

"तळवे झिजलेत. तुम्ही अजून करता का?"

"रविवारी करतो."

त्यांनी बूट दिले. मग अंदाजानं त्याच्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत विचारलं, "ते रिकामं का होतं, मास्तर? एफ्राईन रात्रंदिवस तेच विचारतो. तो म्हणतो, त्यांना आधीच माहीत होतं का मी काय करणार ते."

"मला काही माहीत नव्हतं. मला माझीच भीती वाटत होती."

"एवढंच?"

"एवढंच."

दोन्या पिएदादनी हातातले पाव टेबलावर ठेवले. "त्याला हे सांगते," त्या म्हणाल्या. "त्याला तुम्ही कुणी शूर माणूस वाटत होतात. त्याचं त्याला ओझं झालंय." लास्तेनियानं त्यांना गवती चहा दिला. त्यांनी तो सगळा प्यायला. डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढं तीन वर्षांनी झाली, एकाच डोळ्याची.

गुलाबांच्या मळ्यावर गालोला एक शिट्टी, एक नोंदवही आणि पत्र्याची खोली मिळाली. पहाटेची बस धरून तो जायचा. तिथं सगळे त्याला मानानं दॉन गालो म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात फाटकाजवळ एका ट्रकचं चाक फुटलं. धडाम आवाज झाला आणि गालो टेबलाखाली जाऊन बसला. फुलं बांधणाऱ्या मुली धावत बाहेर आल्या. पहारेकरी दिसेना, म्हणून शोधायला लागल्या. त्यांना टेबलाखाली बूट दिसले.

"दॉन गालो, चाक आहे ते," एकजण वाकून म्हणाली.

"माहीत आहे," टेबलाखालून गालो म्हणाला. "थोडा वेळ द्या."

मुलींनी हसून हसून पोटं धरली, आणि तोही शेवटी हसत बाहेर आला. त्या वर्षी ऑक्टोबरात तुंगुराहुआ ज्वालामुखी जागा झाला आणि मळ्यातल्या पानांवर राख पडायला लागली, तेव्हा त्याच मुली आधी त्याच्या खोलीत डोकावायच्या, की दॉन गालो टेबलाशी आहेत की टेबलाखाली. टेबलाशी असले तर त्या कामाला लागायच्या.

नोकरी त्यानं सोळा वर्षं केली. दुकान पुन्हा उघडलं नाही. साचे फळ्यांवर राहिले, ज्यांच्या पायांचे ते होते त्यांतली काही माणसं स्पेनला गेली, काही वारली. नार्सिसा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली, आणि गोळ्या कधी चुकल्या नाहीत. निवृत्त होताना कंपनीनं प्रमाणपत्र दिलं. ते घ्यायला गालोला कीटोला, एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर बोलावलं होतं. तो लिफ्टजवळ उभा राहिला, जिन्याजवळ उभा राहिला, आणि परतीच्या बसनं घरी आला. प्रमाणपत्र पुढं टपालानं आलं.